आधी मदत, मग दरवाढ

22 ऑगस्ट 2022 रोजी श्रीलंकेत रॉकेलचा सरकारी दर लिटरला 87 श्रीलंकन रुपयांवरून 340 रुपयांवर गेला. एका रात्रीत जवळजवळ चौपट. त्या वर्षी तिथे इतकं काही घडून गेलं होतं की ही बातमी मागे पडली. एप्रिलमध्ये देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली होती, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले होते, पेट्रोलच्या रांगेत उभी असलेली माणसं दगावली होती. आपल्याकडच्या वाहिन्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या जलतरण तलावात उतरलेले तरुण दिवसभर दाखवले. रॉकेलबद्दल कुठे फारसं काही आलं नाही. मला मात्र त्या सबंध वर्षातला सर्वांत मोठा अन्याय या दरवाढीत दिसतो. ती टाळता येण्याजोगी होती आणि उद्या दुसऱ्या देशात तशीच पुन्हा होऊ शकते, म्हणून हा लेख.

श्रीलंकेत रॉकेल वापरतं कोण? गाडीवाला नव्हे. नेगोम्बो, चिलॉ, मन्नार, जाफना या किनाऱ्यांवर फायबरच्या छोट्या होड्या घेऊन पहाटे निघणारे आणि त्याच दिवशी परतणारे मच्छीमार वापरतात. या होड्यांचं आउटबोर्ड इंजिन पेट्रोलवर सुरू करतात आणि गरम झालं की रॉकेलवर घेतात. आठवडे-आठवडे समुद्रात राहणाऱ्या मोठ्या बोटी डिझेलच्या, त्यांचं गणित वेगळं. याशिवाय स्टोव्हवर रांधणारी घरं, दिवा लावणारी घरं आणि डोंगरातल्या चहाच्या मळ्यांवर ओळीने बांधलेल्या खोल्यांत राहणारी तमिळ मजुरांची कुटुंबं.

आता होडीचा हिशोब बघा. एका फेरीला 25 लिटर रॉकेल धरलं तर 21 ऑगस्टला खर्च 2,175 रुपये होता, तो 22 तारखेला 8,500 रुपये झाला. मासळीचा भाव काही चौपट झाला नव्हता. होडीवर दोघं-तिघं जातात, आधी इंधनाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्यात वाटे पडतात. इंधन सव्वासहा हजारांनी महागलं की ते सव्वासहा हजार थेट त्या दोन-तीन घरांच्या चुलीतून जातात.

तरीही दर 87 वरच ठेवायला हवा होता, असं मी म्हणणार नाही. तो ठेवणं शक्यच नव्हतं. त्या सुमारास डिझेल 430 रुपयांवर होतं. दोन इंधनांत साडेतीनशे रुपयांची दरी पडली की स्वस्त इंधन आपल्या माणसापर्यंत पोचत नाही, ते वाटेतच वळतं. खासगी बस रॉकेलवर चालवल्या जात होत्या, डिझेलमध्ये भेसळ होत होती. मच्छीमाराला पंपावर 87 रुपयांचं रॉकेल मिळतच नव्हतं, त्यासाठी दिवसदिवस रांग लावावी लागत होती आणि काळ्या बाजारात कितीतरी पट मोजावे लागत होते. ज्याच्या नावाने अनुदान चालू होतं, त्याच्या हाती रिकामा कॅन होता. स्वस्त इंधन म्हणजे गरिबांची बाजू, असं मानणाऱ्या माझ्या डाव्या मित्रांनी या रिकाम्या कॅनचा विचार केला पाहिजे.

आणि दर खर्चाइतके केले की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांनी 22 ऑगस्टच्या तारखेचा विचार केला पाहिजे. दर त्या दिवशी वाढला. मच्छीमारांना आणि मळ्यांवरच्या मजुरांना रोख मदत देण्याची भाषा झाली खरी, पण दर हातात होता आणि मदत हवेत होती. माझं सगळं भांडण या क्रमाशी आहे. दर वाढवायचाच असेल तर मदत आधी खात्यात पडली पाहिजे. महिनाभर आधी नाही तर निदान आदल्या दिवशी.

हा धडा श्रीलंकेला नवा नव्हता, हे जास्त टोचतं. फेब्रुवारी 2012 मध्ये रॉकेल 71 वरून 106 रुपयांवर नेलं होतं. चिलॉला मच्छीमार रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, एक मच्छीमार मेला. त्यानंतर सरकारला मच्छीमारांसाठी सवलतीची कुपनं सुचली. पुढे तेल उतरलं, सरकार बदललं, दरही उतरत गेले आणि 2018 पर्यंत रॉकेल 44 रुपयांवर आलं. मे 2018 मध्ये मंगला समरवीरा अर्थमंत्री असताना इंधनदराचं सूत्र आलं. जगातल्या भावाप्रमाणे दर महिन्याला दर बदलायचा, ही कल्पना उत्तम होती. पण त्याच दिवशी रॉकेल 44 वरून थेट 101 वर गेलं. पुन्हा किनाऱ्यांवर आंदोलनं झाली आणि महिनाभरात दर 70 वर आणावा लागला. 2012, 2018, 2022. तिन्ही वेळा तेच: वर्षानुवर्षं दर दाबून ठेवायचा, मग एके दिवशी सोडून द्यायचा, आणि माणसं ओरडली की मदतीचं बघायचं.

दर दाबून ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात? सिलोन पेट्रोलियम कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी 1961 मध्ये स्थापन झाली. परदेशी तेलकंपन्यांची मालमत्ता तिने ताब्यात घेतली म्हणून अमेरिकेने 1963 मध्ये मदत थांबवली होती, इतका तिचा जन्म स्वाभिमानाचा. सपुगस्कंद इथला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना 1969 पासून चालतो, पण देशाची सगळी गरज त्यात भागत नाही आणि कच्चं तेलही बाहेरूनच येतं. बेट असल्यामुळे शेजाऱ्याकडून पाइपलाइन नाही, विजेची तार नाही. जे येईल ते जहाजाने आणि डॉलरमध्ये. 2021 साली इंधनाच्या आयातीवर सुमारे 370 कोटी डॉलर गेले. कंपनी डॉलरमध्ये घेणार, रुपयांत विकणार, आणि विकायचा दर मंत्रिमंडळ ठरवणार. तोटा झाला की अर्थसंकल्पात त्याची नोंद नाही. कंपनी सरकारी बँकांकडून, म्हणजे बँक ऑफ सिलोन आणि पीपल्स बँकेकडून, उचल घेणार. संसदेत मतदान नाही, चर्चा नाही, कुणाच्या नावावर खर्च नाही. ठेवीदारांचा पैसा पेट्रोलच्या टाक्यांत जळतो आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं.

हे पैसे कुणीतरी फेडतंच. इराणकडून 2012 च्या सुमारास घेतलेल्या तेलाचे सुमारे 25 कोटी डॉलर थकले होते. डिसेंबर 2021 मध्ये ते फेडण्यासाठी दर महिन्याला 50 लाख डॉलरचा चहा पाठवायचा करार झाला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गाडीत जळलेलं तेल चहाच्या पानांनी फेडायचं, आणि ती पानं खुडणारी बाई मळ्यावरच्या त्याच ओळीतल्या खोलीत राहणारी.

त्याहून मोठी रक्कम पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या कर्जाची. संकटानंतर ते सरकारने स्वतःच्या अंगावर घेतलं. आकडा सांगितला जातो तो 884 अब्ज रुपयांचा, म्हणजे 88,400 कोटी श्रीलंकन रुपये. ते वसूल करायला इंधनावर लिटरमागे 50 रुपये लावले आहेत. हा कर का हटवत नाही, असं विचारल्यावर 2025 मध्ये ऊर्जामंत्री कुमार जयकोडी यांनी या कर्जाकडेच बोट दाखवलं. आज शाळेच्या मुलांची ने-आण करणारा व्हॅनवाला प्रत्येक लिटरमागे 50 रुपये देतो, ते कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी स्वस्तात भरलेल्या पेट्रोलचे. तेव्हा ज्याच्याकडे मोठी गाडी होती, त्याने जास्त लिटर भरले, म्हणून त्याला फायदाही जास्त मिळाला. बसने जाणाऱ्याला त्या मानाने नखाएवढा मिळाला. परतफेड मात्र बसच्या तिकिटातूनही होते, भाजीच्या भावातूनही होते. दाबलेला दर म्हणजे पुढच्या पिढीवर आणि खालच्या थरावर लावलेला कर आहे, एवढंच मला या आकड्यातून म्हणायचं आहे.

मग तेल स्वस्त असतं तेव्हा सरकारं काय करतात? 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे ब्रेंट तेल, म्हणजे ज्याच्यावरून जगातला भाव मोजतात ते कच्चं तेल, पिंपाला 20 डॉलरच्या खाली गेलं होतं. श्रीलंकेत पेट्रोलचा दर 137 रुपयेच ठेवला. दर महिन्याचं सूत्र 2019 च्या अखेरीस सत्तांतर झाल्यावर गुंडाळलं गेलं होतं. वाचलेल्या पैशातून दर स्थिर ठेवायला निधी उभारू, असं सांगितलं गेलं. मला हा विचार चुकीचा वाटत नाही. चांगल्या दिवसांत थोडं बाजूला टाकावं, हे कुठल्याही घराला कळतं. पण त्या निधीला कायद्याची चौकट नव्हती, वेगळं खातं काटेकोरपणे राखलं गेलं नाही, आणि वर्षभराने तेल चढलं तेव्हा ग्राहकाला त्याचा आधार मिळाला नाही. जून 2021 मध्ये पेट्रोल 137 वरून 157 झालं. अवघे 20 रुपये. त्यावरून ऊर्जामंत्री उदय गम्मनपिला यांचा राजीनामा सत्ताधारी पक्षाच्याच सरचिटणीसांनी मागितला, विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. ठराव फेटाळला गेला, पण पुढचे सहा महिने दर वाढवायची हिंमत सरकारमध्ये उरली नाही. त्या 20 रुपयांवर गदारोळ करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वर्षभराने, जून 2022 मध्ये, 470 रुपयांचा दर पाहिला. तोही पंपावर पेट्रोल असलं तर. त्या महिन्याच्या अखेरीस खासगी वाहनांना इंधन देणंच दोन आठवडे बंद केलं होतं.

कराची बाजू तर याहून गोंधळाची. डिसेंबर 2019 मध्ये मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला, आणखीही कर रद्द केले. तिजोरी रिकामी झाली. मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं सुमारे 300 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, आणि अट आली की इंधन व वीज खर्चाच्या दरानेच विकायची. जानेवारी 2024 पासून मूल्यवर्धित कर 18 टक्के झाला आणि तो पेट्रोल-डिझेललाही लागू झाला. श्रीमंतांच्या मिळकतीवरचा कर बसवायला वेळ लागतो, चुकवणारे वकील नेमतात. पंपावरचा कर त्याच दिवशी गोळा होतो. म्हणून अडचणीतलं प्रत्येक सरकार पंपाकडे वळतं.

इंधनावर कर असू नये, असं माझं मत नाही. रस्ते, धूर, आयातीचे डॉलर, सगळ्याचा भार त्या लिटरने उचलला पाहिजे. पण टक्केवारीचा कर इंधनाला घातक आहे. तेल महागलं की टक्केवारीने करही वाढतो, म्हणजे माणूस आधीच वाकलेला असताना सरकार वरून आणखी ओझं ठेवतं. तेल उतरलं की उत्पन्न घटतं आणि मग सरकार दुसरा कर शोधतं. लिटरला ठरलेली रक्कम घ्यावी, संसदेने ती वर्षातून एकदा ठरवावी आणि बाकीचा दर दर महिन्याला सूत्राने वरखाली होऊ द्यावा. पाच-दहा रुपयांचे बदल माणसं पचवतात. अडीचशेचा बदल सरकार पाडतो किंवा होडी किनाऱ्याला लावतो.

हे वाचून भारतीय वाचकाने हसू नये. आपल्याकडे 2005 नंतर तेलकंपन्यांचा तोटा भरायला जे ऑइल बॉण्ड, म्हणजे सरकारी कर्जरोखे, काढले, तो हाच प्रकार: आजचं अनुदान उद्याच्या कर्जातून. आणि नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात जगात तेल घसरत असताना पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क 9 रुपये 48 पैशांवरून 21 रुपये 48 पैशांवर गेलं. नियंत्रणमुक्ती झाली म्हणून सांगितलं, पण उतार ग्राहकापर्यंत पोचला नाही. लोकांचा सूत्रावरचा विश्वास यामुळेच उडतो. दर वर जाताना बाजार आणि खाली येताना सरकार, असं दिसलं की पुढच्या सुधारणेला कुणी साथ देत नाही.

आता मदतीकडे येतो. मदत कुणाला द्यायची हे कळायला साधन नाही, ही सबब 2022 पूर्वी चालण्यासारखी होती. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये श्रीलंकेने काही आठवड्यांत क्यूआर कोडवर इंधनवाटप उभं केलं. वाहनाचा क्रमांक, मालकाचं ओळखपत्र आणि आठवड्याचा कोटा, एवढं त्यात होतं. तिथल्याच लोकांनी ते बनवलं आणि किलोमीटरभराच्या रांगा विरल्या. संकटातलं हे सर्वांत नेटकं सरकारी काम म्हणावं लागेल. कोटा मात्र असा होता: मोटारीला आठवड्याला 20 लिटर, रिक्षाला 5, दुचाकीला 4. रिक्षावाल्याचं पोट त्या 5 लिटरवर, आणि मोटारवाल्याला त्याच्या चौपट. पुढे कोटे बदलले, सप्टेंबर 2023 मध्ये ही व्यवस्था थांबवली. पण कोण किती इंधन वापरतो हे सरकार लिटरच्या हिशोबाने जाणू शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. होड्यांची नोंद मत्स्यखात्याकडे असतेच. तीच यंत्रणा मच्छीमाराच्या खात्यात पैसे टाकायला का वापरली नाही? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

क्रम पाळून हे करता येतं. इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे दर अनेक पटींनी वाढवले. त्याआधी कुटुंबांची खाती उघडून त्यात माणशी ठरलेल्या रकमेच्या हिशोबाने पैसे जमा करून ठेवले होते. लोकांना ते खात्यात दिसत होते, पण दरवाढीच्या दिवशीच काढता येणार होते. एवढी मोठी दरवाढ होऊन त्या दिवशी रस्ते शांत राहिले. तिथली पोलिसी दहशत हेही त्याचं एक कारण होतं, ते विसरून चालणार नाही. शिवाय रक्कम महागाईला बांधली नव्हती, म्हणून काही वर्षांत तिची किंमत उरली नाही. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. इंडोनेशिया तर बेटांचाच देश. ऑक्टोबर 2005 मध्ये तिथे घरगुती रॉकेल 700 रुपियांवरून 2,000 वर नेलं तेव्हा गरीब कुटुंबांना तीन-तीन महिन्यांची रोख रक्कम सोबतच दिली. आणि 2007 पासून स्वयंपाकाचं रॉकेल सोडवण्यासाठी 3 किलोची गॅसटाकी आणि शेगडी घरोघर फुकट वाटली, पाच कोटींहून जास्त संच. आधी पर्याय हातात दिला, मग रॉकेल मागे घेतलं.

रोख मदतीच्या वाटेवर खड्डे आहेत आणि ते आपल्याला कोकणातून चांगले ठाऊक आहेत. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या राज्य कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. योजना कागदावर योग्य आहे. पण मच्छीमाराने आधी पूर्ण दर मोजायचा आणि परताव्याची वाट बघायची. थकबाकीची ओरड रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत वर्षानुवर्षं चालू असते. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, तेव्हा जाळी, बर्फ, खलाशांची उचल, सगळ्याला एकदम पैसे लागतात. त्या वेळी न मिळालेला परतावा मार्चमध्ये मिळून उपयोग काय? मधल्या काळात व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीपायी मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते. म्हणून मदत ‘मंजूर’ होणं पुरेसं नाही. तिला तारीख हवी, आणि तारीख चुकली तर सरकारने व्याज द्यावं अशी तरतूद हवी.

यादीचा प्रश्नही खरा आहे. श्रीलंकेने जुलै 2023 पासून ‘अस्वेसुम’ ही रोख मदतीची योजना आणली. नावं गळली म्हणून गावोगाव मोर्चे निघाले, हरकतींचे ढीग लागले. यावरून काही जण म्हणतात की मग पंपावरच स्वस्त द्या, तिथे यादी लागत नाही. पण पंपावर यादी नसते म्हणूनच तिथे सर्वांत मोठी टाकी असलेला पहिला येतो. दोष असलेली यादी दुरुस्त करता येते, त्यावर हरकत घेता येते, गावात वाचून दाखवता येते. दाबलेल्या दराविरुद्ध कुठल्या कार्यालयात हरकत घेणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या सरकारने मच्छीमारांना इंधनावर लिटरमागे 25 रुपयांचं अनुदान ठराविक मुदतीसाठी जाहीर केलं. ज्याला गरज आहे त्यालाच, मोजून, अशी ही मदत होती, आणि मला ती दिशा पटते. मात्र मुदतीची मदत म्हणजे दर सहा महिन्यांनी पुन्हा मागणी, पुन्हा शिष्टमंडळ, पुन्हा मंत्र्याच्या दारात उभं राहणं. ती कायद्यात बसवावी. रॉकेल अमुक दराच्या वर गेलं की नोंदणीकृत छोट्या होडीच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जावी. कुणाची कृपा म्हणून नव्हे.

त्यासाठी पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर समोर आहे. जुन्या कर्जापोटी घेतले जाणारे ते 50 रुपये एक दिवस संपतील. कर्ज फिटत आलं की ते हटवण्याची मागणी होणार आणि निवडणुकीच्या तोंडावर एखादं सरकार ते एका फटक्यात रद्द करून टाळ्या घेणार. तसं करू नये. 50 पैकी 40 रुपये ग्राहकाला टप्प्याटप्प्याने परत द्यावेत. उरलेले 10 संसदेच्या कायद्याने बांधलेल्या, महालेखापरीक्षकांनी तपासलेल्या आणि दर महिन्याला शिल्लक जाहीर करणाऱ्या खात्यात जावेत. मच्छीमार, मळ्यावरचे मजूर आणि शाळेच्या बस यांच्याखेरीज त्या खात्याला कुणाचा हात लागू नये. पुढच्या वेळी होर्मुझच्या सामुद्रधुनीत जहाजं अडली आणि तेल भडकलं, तर चिलॉच्या माणसाच्या खात्यात पैसे दरवाढीच्या आदल्या दिवशी पोचलेले असावेत, एवढी तजवीज आजच्या कायदेमंडळाला करता येते.